प्लेटवरचा झोन आणि मधुमेही पायाची जखम : वनस्पतींच्या अर्कांचा खरंच उपयोग होतो का?

अगारवाला
नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण चालू आहे आणि प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आलीये. मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांमधून मिळालेले जिवाणू घ्यायचे (स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास, ई. कोलाय, क्लेब्सिएला) आणि त्यांच्यावर कडुलिंब, हळद, कोरफड, लसूण आणि दारुहळद यांचे अर्क वापरून बघायचे, असं डोक्यात आहे.

वाचायला बसलो तर शोधनिबंधांचा ढीग निघाला, पण सगळ्यांचा साचा एकच. पानं वाळवा, पूड करा, मिथेनॉलमध्ये भिजवा, अगारच्या प्लेटमध्ये भोक पाडून त्यात अर्क सोडा, दुसऱ्या दिवशी भोकाभोवतीचा स्वच्छ झोन (जिवाणू न वाढलेला गोल) पट्टीने मोजा. झोन आला की "ही वनस्पती आश्वासक असून पुढील संशोधन आवश्यक आहे". ते पुढील संशोधन कुठे गेलं, हे काही केल्या सापडत नाही.

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढतायत, तेव्हा वनस्पतींकडे वळायलाच हवं असं माझं मत आहे. प्रश्न दोन. प्लेटवरून निघून रुग्णाच्या पायापर्यंत पोचलेला एखादा अर्क कुणाला माहीत आहे का? आणि नसेल, तर मी अजून एक झोन मोजून काय साधणार?

उगाचच
शेवटी "पुढील संशोधन आवश्यक" नसेल तर निबंध परत पाठवतात म्हणे. पहिल्या रांगेत बसलोय, चालू द्या.

हिरवाचाफा
अगारवाला, विषय उत्तम आहे, मागे हटू नका. झाडाला पळून जाता येत नाही. कोट्यवधी वर्षं एका जागी उभं राहून बुरशी आणि जिवाणूंशी लढायचं म्हणजे रसायनांशिवाय पर्यायच नाही. क्विनीन सिंकोनाच्या सालीतून आलं. आर्टेमिसिनिनसाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं, तेही जुन्या वनौषधीतूनच. मग जखमेच्या जिवाणूंवर वनस्पतींमधून काहीच मिळणार नाही असं मानायचं कशाला?

रेणूरंग
चाफा, दोन्ही उदाहरणं मलेरियाची आहेत. मलेरियाचा परजीवी जिवाणू नाही, आणि नेमकी तिथेच मेख आहे. जिवाणूंवरच्या औषधांची यादी डोळ्यांसमोर आणा. पेनिसिलिन बुरशीतून, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूतून, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन आणि व्हँकोमायसिनही तसेच जिवाणूंमधून. सिप्रोफ्लॉक्सासिन तर थेट प्रयोगशाळेत घडवलेलं. पोटातून किंवा शिरेतून द्यायचं, रोजच्या वापरातलं एक तरी प्रतिजैविक वनस्पतीतून आलंय का?

याचा अर्थ झाडं लढत नाहीत असा नव्हे. त्यांची पद्धत वेगळी आहे. एकच जालीम रेणू बनवण्याऐवजी ती दुबळ्या रेणूंची टोळी उभी करतात. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांवर २००० साली एक सुंदर काम झालं. त्यांच्यातलं बर्बेरीन जिवाणूच्या पेशीत शिरतं, पण स्टॅफ ऑरियसकडे नॉर-ए नावाचा पंप असतो. गळक्या होडीतून पाणी उपसावं तसं तो पंप बर्बेरीन बाहेर फेकत राहतो. त्याच झाडांत ५'-मेथॉक्सीहिडनोकार्पिन नावाचा दुसरा रेणू सापडला. तो एकटा जिवाणूला काहीही करत नाही, फक्त पंप बंद पाडतो. दोघे एकत्र आले की बर्बेरीनची ताकद कितीतरी पटींनी वाढते.

आता यातलं एकटं बर्बेरीन शुद्ध करून काढलं तर निकाल सुमार दिसणार. आणि नुसता झोन मोजला तर यातलं काहीच कळणार नाही.

हिरवाचाफा
म्हणजे पूर्ण अर्कच वापरावा, हे तुम्हीच सिद्ध केलंत की. :)

रेणूरंग
अर्ध्यापर्यंत मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी गणित करू. अर्काचं प्रमाण १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर, असं या निबंधांमध्ये सर्रास दिसतं. भोकात ५० मायक्रोलीटर सोडले म्हणजे ५ मिलिग्रॅम, अर्थात ५००० मायक्रोग्रॅम अर्क. शेजारी तुलनेला ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीत असतात ५ मायक्रोग्रॅम. हजारपट माल ओतायचा आणि "अर्काचा झोन प्रतिजैविकाच्या तोडीचा" असं लिहायचं! अर्क म्हणजे शुद्ध रेणू नव्हे, हे धरूनही ही तुलना टिकत नाही.

दुसरं, झोन किती मोठा येतो ते रेणू अगारमध्ये किती पसरतो यावरही ठरतं. तेलकट, अवजड रेणू भोकाच्या कडेलाच अडकतात. त्यांचा झोन लहान आला म्हणून ते दुबळे ठरत नाहीत, आणि मोठा झोन म्हणजे जास्त ताकद असंही नाही. एमआयसी काढा, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण. कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली आली तर कान टवकारायचे. १००० च्या वर गेली तर त्या अर्कावर वेळ घालवू नये, असं या क्षेत्रातले जाणकार सांगत आलेत. तरी १००० च्या वरचे आकडेही छापून येतातच.

तळटीप
मी शल्यचिकित्सक आहे, मधुमेही पाय रोजच बघतो. तुमची प्लेटवरची चर्चा वाचायला मजा येतेय, पण थोडं पायाकडेही बघू.

मधुमेही पायात जखम का होते? पहिली गोष्ट, नसा बधिर झालेल्या असतात. बूट चावतो, खडा टोचतो, तळव्यावर घट्टा पडून आतून फुटतो, आणि माणसाला पत्ताच नसतो. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला तरी अनेकांना जाणवत नाही. दुसरी गोष्ट, पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात. रक्त पोचत नाही, म्हणजे प्राणवायू नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, आणि तोंडाने घेतलेलं प्रतिजैविकही तिथे नीट पोचत नाही. तिसरी गोष्ट, साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात. यात जिवाणू साधारण चौथ्या क्रमांकावर येतात. अशा जखमांपैकी निम्म्यांहून अधिक जखमांमध्ये पुढे संसर्ग होतो, त्यामुळे ते महत्त्वाचे आहेतच. पण जिवाणू मारले आणि रुग्ण त्याच पायावर चालत राहिला, तर जखम तिथेच राहते.

त्यात बायोफिल्म. जुनाट जखमांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा २००८ चा एक गाजलेला अभ्यास आहे. त्यात सुमारे ६० टक्के जुनाट जखमांमध्ये बायोफिल्म सापडली, ताज्या जखमांमध्ये जेमतेम ६ टक्के. स्वतःच बनवलेल्या चिकट थरात बसलेला जिवाणू आणि तुमच्या प्लेटवर मोकळा वाढणारा जिवाणू, यांचं वागणं एकसारखं नसतं. प्लेटवर मरणारा जिवाणू बायोफिल्ममध्ये शेकडोपट औषधालाही दाद देत नाही.

काठावरची
तळटीप यांनी बधिरपणाचं लिहिलंय म्हणून सांगते. बाबांच्या अंगठ्याला छोटी जखम झाली होती. नातेवाइकांपैकी कुणीतरी कडुलिंबाच्या पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितलं. बाबांनी पाणी गरम करून घेतलं, आरामात पेपर वाचत बसले. आई खोलीत आली तेव्हा पाण्यातून वाफा निघत होत्या. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही घोट्यांपर्यंत फोड. मूळची जखम बाजूलाच राहिली, भाजल्याच्या जखमा भरायला कितीतरी महिने गेले. बोट वाचलं, एवढंच नशीब.

शंकासुर
वाईट वाटलं वाचून. पण यात दोष कडुलिंबाचा की गरम पाण्याचा? साध्या गरम पाण्यानेही हेच झालं असतं. उगाच वनस्पती बदनाम होतात.

काठावरची
साध्या गरम पाण्यात बाबा पाय बुडवून बसलेच नसते ना. "औषधी" म्हणून बसले.

तळटीप
+१. मधुमेहींनी पाय भिजवत ठेवूच नयेत, गार पाण्यातसुद्धा. कातडी फुगून मऊ पडते आणि बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. धुवा, कोरडे करा, संपलं.

मंजिष्ठा
मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, व्रणचिकित्सा हा माझा जिव्हाळ्याचा विषय. वरच्या चर्चेत आयुर्वेद म्हणजे "पाला वाटा, लावा" असा सूर लागलाय म्हणून लिहिते.

सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत लेप आहेत तसे छेदन, भेदन, विस्रावणही आहेत. कापा, फोडा, साचलेलं बाहेर काढा. आधी शोधन, मग रोपण. घाण आणि मेलेलं मांस काढल्याशिवाय भरून आणणारं औषध लावायचं नाही. तळटीप डिब्रीडमेंट म्हणतील, विचार तोच आहे. प्रमेहात (मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगांत) उठणाऱ्या पिडकांचं, म्हणजे गळवांचं, वेगळं वर्णन आहे आणि त्या कष्टसाध्य किंवा असाध्य असल्याचंही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे साखरेच्या रोग्याची जखम वेगळी असते हे जुन्यांनाही दिसत होतं.

माझी तक्रार संशोधकांबद्दल आहे. काढा पाण्यात करतात, सिद्ध तेलं तेलात करतात. तुम्ही मिथेनॉल किंवा हेक्झेनमध्ये अर्क काढता, त्यातून येतात ते रेणूच निराळे असतात. मग प्रस्तावनेत "प्राचीन काळापासून वापर" असं लिहून मोकळे होता. प्राचीन काळी मिथेनॉल कुणी वापरलं होतं?

उगाचच
मंजिष्ठाताईंच्या शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या.

रेणूरंग
मंजिष्ठा, मुद्दा चोख आहे. उलट बाजूही बघा, मिथेनॉलच्या अर्कातून जे सापडलं ते घरच्या काढ्यात असेलच असं नाही. म्हणून शोधनिबंध दाखवून काढा विकणारे आणि काढ्याचा हवाला देऊन शोधनिबंध लिहिणारे, दोघेही एकमेकांच्या नावावर जगतायत.

हिरवाचाफा
हळदीचं तरी मान्य करा. हळदीबद्दल वाद नाही ना?

रेणूरंग
सगळ्यात मोठा वाद तिथेच आहे. :) कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे विरघळतं ते उदासीन सामूच्या द्रावणात भराभर तुटतं. शिवाय ते पिवळंजर्द आणि चमकणारं, त्यामुळे रंग किंवा गढूळपणा मोजून निकाल देणाऱ्या चाचण्यांना चकवतं. अनेक प्रथिनांना कसंही चिकटतं, म्हणून कुठल्याही चाचणीत "सक्रिय" दिसतं. औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासला. प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना करणारी आणि दोन्ही बाजू अंध ठेवलेली, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली, एकही मानवी चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अगारवाला, यादीतून हळद काढलीत तरी चालेल. ठेवायचीच असेल तर निकाल फक्त रंगावर सोडू नका, प्लेटवर वसाहती मोजा.

टॅनिनचंही असंच. हिरडा, बाभूळ यांत टॅनिन भरपूर. समोर येईल त्या प्रथिनाला ते घट्ट धरतं. प्लेटवर जिवाणूचं प्रथिन, जखमेत मात्र रुग्णाच्या नव्या पेशींचंही.

शंकासुर
मग तुमच्या मते सगळंच बोगस?

रेणूरंग
असं मी कुठे म्हटलं? बर्बेरीनचं वर लिहिलंय ते काय टीका होती का?

निळीशाई
कोरफडीबद्दल कुणी बोललंच नाही. शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल लावून बघणारा १९९१ चा एक अभ्यास आहे. नेहमीच्या पद्धतीने जखमा भरायला सरासरी ५३ दिवस लागले, कोरफड लावलेल्यांना ८३. अभ्यास छोटा होता, जखमा मधुमेही पायाच्या नव्हत्या, आणि भाजण्यावर कोरफडीचे निकाल यापेक्षा बरे आहेत, हे सगळं खरं. पण "लावून बघायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही" हे वाक्य मी तेव्हापासून वापरत नाही.

प्रतिसादमात्र
आणि मध? मध तर पुराव्यानिशी चालतो ना?

तळटीप
मध हा वनस्पतीचा अर्क नव्हे, पण येऊ दे. प्रयोगशाळेत मध जिवाणू मारतो यात शंका नाही. साखर पाणी शोषून घेते, सामू आम्ल असतो, वितंचकामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि मानुका मधात वर मिथाइलग्लायॉक्सालही असतं. तरी मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना पायाच्या संसर्गावर मध, चांदीची मलमं आणि बाहेरून लावायची जंतुनाशकं वापरू नका असंच सुचवतात. चांगल्या चाचण्यांमध्ये फायदा दिसला नाही, एवढंच कारण. जखमेवर वापरायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात. बरणीतला मध आणि हा मध एक नव्हे.

उगाचच
मध झाला, आता अळ्याही येऊ द्या. माशीच्या अळ्या जखमेत सोडतात असं कुठंतरी वाचलं होतं. त्यापेक्षा कडुलिंब बरा.

तळटीप
हसू नका, त्या अधिकृत उपचार आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये वैद्यकीय अळ्यांना परवानगी दिली, तीही "उपकरण" म्हणून! निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या मेलेलं मांस खातात आणि जिवंत मांस सोडतात. नवशिक्या शल्यचिकित्सकापेक्षा हात हलका.

उगाचच
उपकरणाची वॉरंटी किती?

प्रतिसादमात्र
पंख फुटेपर्यंत.

अनवाणी७
नवीन सदस्य आहे, चुकीच्या जागी विचारत असेन तर सांभाळून घ्या. काकांना बरीच वर्षं मधुमेह आहे. करंगळीच्या खाली जखम आहे, त्यावर लसूण ठेचून बांधतोय. आता करंगळी काळपट दिसतेय आणि वास येतोय, पण ताप नाही आणि दुखतही नाही, म्हणून घाबरलो नाही. लसणाऐवजी यातलं दुसरं काही लावावं का?

तळटीप
काहीही लावू नका. लसूण काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी निर्जंतुक पट्टी बांधा आणि आजच, आत्ताच रुग्णालयात न्या. त्यांना त्या पायावर चालू देऊ नका. दुखत नाही हे चांगलं लक्षण नव्हे, नसा बधिर आहेत म्हणून दुखत नाही. मधुमेहात गंभीर संसर्ग असतानाही अनेकांना ताप येत नाही. काळं बोट म्हणजे रक्तपुरवठा बंद झाल्याची शक्यता, आणि वास म्हणजे बहुधा ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू. पायाच्या धमन्यांची तपासणी करून घ्या, आणि हाडापर्यंत गेलंय का हे बघायला सांगा. पोचलात की इथे कळवा.

मंजिष्ठा
तळटीप यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी वैद्य म्हणून सांगतेय, आत्ता लेपाची वेळ नाही.

रेणूरंग
कच्च्या लसणाने कातडी अक्षरशः भाजते, त्याच्या कितीतरी नोंदी आहेत. जाणीव असलेला माणूस दहा मिनिटांत काढून टाकेल, बधिर पायावर तो रात्रभर राहतो.

अनवाणी७
निघालोय. धन्यवाद.

अगारवाला
वरचं वाचून प्रकल्पाबद्दल लिहायला बोटं वळेनात. कळवत राहा, अनवाणी.

निळीशाई
धाग्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. प्लेटवरून पायापर्यंत पोचलेला अर्क आहे का? आहे. फक्त तो प्लेटवरून गेलाच नाही.

तैवानमधलं ओएन१०१ नावाचं मलम. त्यात दोन वनस्पतींचे अर्क आहेत, मंडूकपर्णी (सेंटेला एशियाटिका) आणि जाड, केसाळ पानांचा सुगंधी पानओवा (प्लेक्ट्रँथस अँबॉइनिकस). त्याची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २३६ रुग्ण, सगळे वॅगनर १ किंवा २ श्रेणीचे, म्हणजे हाडात संसर्ग न झालेल्या जखमांचे. १६ आठवड्यांत जखम पूर्ण भरण्याचं प्रमाण मलमाच्या गटात ६०.७ टक्के होतं, शोषक ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के. तैवानच्या नियामकाने त्याला मान्यताही दिली आहे.

आता गंमत. हे मलम जिवाणू मारण्यासाठी बनवलेलंच नाही. जुनाट मधुमेही जखमेत मॅक्रोफेज नावाच्या पेशी दाह पेटवणाऱ्या अवस्थेत अडकून पडतात, दुरुस्ती करणाऱ्या अवस्थेत जात नाहीत. हे मलम त्यांना तिकडे वळवतं. अगारवाला, तुमच्या पद्धतीने या दोन वनस्पतींची चाळणी केली असती तर त्या बहुधा पहिल्याच आठवड्यात बाद झाल्या असत्या.

हिरवाचाफा
बघा! शेवटी वनस्पतीच.

रेणूरंग
वनस्पतीच, पण प्रमाणित अर्क, ठरलेलं प्रमाण आणि दोन गटांत वाटलेल्या रुग्णांवर चाचणी. मला याच्यापेक्षा जास्त काही नको.

शंकासुर
तुलना ड्रेसिंगशी केली, म्हणजे रुग्णाला आणि डॉक्टरला कुणाला काय मिळतंय ते माहीत होतं. हळदीला लावलेला नियम इथे का नाही लावत?

रेणूरंग
लावतो. मुद्दा बरोबर आहे. मलम आणि ड्रेसिंग वेगळं दिसतं, त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टरांना अंध ठेवणं अवघड. दुसऱ्या गटांनी, दुसऱ्या देशांत हे पुन्हा करून दाखवायला हवं. तोवर मी याला आशादायक म्हणेन.

उगाचच
"पुढील संशोधन आवश्यक" :D

अगारवाला
निळीशाई, शंकासुर, दोघांचेही आभार. मग जिवाणूंच्या बाजूने काम करण्यात अर्थच नाही का? माझ्याकडे ना उंदीर आहेत, ना रुग्णांवर चाचणीची परवानगी. प्लेट आणि ९६ खड्ड्यांची ट्रे, एवढंच.

रेणूरंग
उंदीर नाहीत याचं फार दुःख करू नका. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदराची जखम आकसून बंद होते, कारण त्याच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. माणसाची जखम प्रामुख्याने खालून मांस भरून आणि कडेने कातडी सरकून बरी होते. आणि आठवड्यापूर्वी साखर वाढवलेल्या उंदराच्या ना नसा बधिर झालेल्या असतात, ना धमन्या अरुंद.

ट्रेवर खूप काही होतं. पाच वनस्पतींऐवजी एक किंवा दोन घ्या. दारुहळद घ्या, कारण तिथे तपासायला नेमका प्रश्न आहे. अर्क आणि प्रतिजैविक एकत्र दिल्यावर ताकद वाढते का? चेकरबोर्ड पद्धतीने, म्हणजे ट्रेवर दोघांची वेगवेगळी प्रमाणं आडवी-उभी मिसळून, एफआयसी (दोघांच्या एकत्रित परिणामाचा निर्देशांक) काढा, ०.५ किंवा त्याखाली आली तर जोडी जमली म्हणायची. स्यूडोमोनासवर फार आशा ठेवू नका. त्याला बाहेरचं वेगळं आवरण असतं आणि त्याचे पंपही निराळे, नॉर-ए बंद पाडणारा रेणू तिथे चालेलच असं नाही. पण "चालत नाही" हा निकालही छापा.

लसणातून दुसरी वाट निघते. ठेचल्यावर तयार होणारं अ‍ॅलिसिन जिवाणू मारतं हे १९४४ पासून माहीत आहे. त्यापासून पुढे बनणारं अ‍ॅजोईन स्यूडोमोनासला न मारताच त्यांचे आपापसातले रासायनिक निरोप अडवतं. त्याचा झोन येणार नाही, पण बायोफिल्मवर काही दिसू शकतं.

तळटीप
बायोफिल्म करायची तर एक पथ्य पाळा. ती बनू न देणं आणि बनलेली मोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा बायोफिल्म बनून जुनी झालेली असते. २४ तास आधी अर्क टाकून "बायोफिल्म रोखली" म्हणणारे निबंध माझ्या कामाचे नाहीत. आणि जिवाणू मिळवताना वरवर फिरवलेला स्वॅब नको. जखम स्वच्छ करून, खरवडून तळाचा ऊतीचा तुकडा घेतलेला असेल तेच नमुने मागा. वरच्या स्वॅबमध्ये कातडीवरचे पाहुणेच जास्त येतात.

निळीशाई
आणि माणसाच्या फायब्रोब्लास्टवर विषारीपणा तपासा. ज्या प्रमाणाला जिवाणू मरतो त्याच प्रमाणाला कातडीची पेशीही मरत असेल तर गोष्ट तिथेच संपली. हा रकाना बऱ्याच निबंधांत नसतो.

मंजिष्ठा
माझी एक विनंती, पाण्यातला काढाही एका रांगेत ठेवा. मिथेनॉलशी तुलना होईल, आणि माझ्या तक्रारीचं उत्तर आकड्यांत मिळेल.

अनवाणी७
काकांना दाखल केलं. करंगळी काढावी लागणार, वरचा पाय वाचेल असं म्हणतायत. धमनीत फुगा घालून रक्त चालू करणार आहेत. साखर खूप वाढलेली होती. इथे विचारलं नसतं तर अजून चार दिवस लसूणच बांधला असता.

काठावरची
वेळेवर गेलात. घरी आल्यावर दुसरा पायही रोज बघत जा, आरसा धरून तळवासुद्धा. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की एकदा जखम झालेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात परत होते. आम्ही अजून रोज बघतो.

अगारवाला
हायसं वाटलं, अनवाणी.

यादी आता अशी. दारुहळद आणि लसूण, दोनच. दारुहळदीचा मिथेनॉल अर्क आणि पाण्यातला काढा शेजारी शेजारी. एमआयसी, सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर चेकरबोर्ड, तयार बायोफिल्मवर चाचणी, फायब्रोब्लास्ट. झोन मोजणार नाही. मार्गदर्शक विचारतील, "झोनचे फोटो कुठे आहेत?"

रेणूरंग
फोटोसाठी एक प्लेट करा, निकालासाठी नको. आणि अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवणार असाल तर नुसत्या डीएमएसओची रांग विसरू नका. एमआयसीला रेझाझुरिन हा रंग वापरणार आहात का?

अगारवाला
हो. निळ्याचं गुलाबी झालं की वाढ आहे, असंच ना?

रेणूरंग
वनस्पतींच्या अर्कांत रेझाझुरिनला स्वतःच गुलाबी करणारे रेणू असतात. जिवाणू न टाकता फक्त अर्क आणि रंग अशी एक रांग ठेवा. ती गुलाबी झाली तर रंग सोडा आणि प्रत्येक खड्ड्यातला थेंब अगारवर टाकून बघा.